आजोबा कट्ट्यावर आले नाहीत, तेव्हा…

आजच्या एपिसोडचा हा मजकूर. सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो: आजी-आजोबांशी शेवटचं निवांत कधी बोललात? “जेवलात का, गोळ्या घेतल्या का” हे सोडून?

माझं उत्तर लाजिरवाणं होतं. मी बंगळुरूला, आजोबा पुण्यात एकटे. आजी गेल्यावर दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचो. चार मिनिटांत विषय संपायचे. मला वाटायचं, झालं आपलं कर्तव्य.

मग एका बुधवारी ते बाथरूममध्ये घसरले. फोन बाहेर टेबलावर. मी मीटिंगमध्ये. पण रोज पाचला ते बागेतल्या कट्ट्यावर असतात. साडेपाच वाजले तरी आले नाहीत, म्हणून एका काकांनी दोनदा फोन केला, आणि मग शेजाऱ्यांकडची किल्ली घेऊन थेट घर गाठलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. मला कळलं दोन तासांनी.

आमच्या फिल्डमध्ये याला ‘हार्टबीट’ म्हणतात. सर्व्हर ठरावीक वेळाने “मी चालू आहे” असा सिग्नल पाठवतो. तो आला नाही की अलार्म वाजतो. कट्टा म्हणजे नेमकं हेच! रोजची ठरलेली वेळ, आणि आपण नाही आलो हे लक्षात येणारी माणसं. माझा रविवारचा कॉल म्हणजे आठवड्यातून एकच हार्टबीट.

महाराष्ट्रात अशी जाळी आधीपासून आहेत. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, ‘फेस्कॉम’ ही त्यांची राज्यभराची संघटना. बऱ्याच शहरांत महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत: पेपर, कॅरम, गप्पा. हास्यक्लबही आपल्या मुंबईतलाच, डॉ. मदन कटारियांनी १९९५ मध्ये बागेत मोजक्या माणसांना घेऊन सुरू केला.

पण नुसतं “जा ना, वेळ जाईल” म्हणून कोणी जात नाही. आजोबाही आधी टाळायचे. “म्हाताऱ्यांत जाऊन काय करू?” मग संघाने त्यांच्याकडे सहलीचा हिशेब दिला. बँकेतून रिटायर झालेला माणूस तो, दुसऱ्या दिवशी वही घेऊन हजर! आपली कुणाला तरी गरज आहे, हे कळलं की पाय आपोआप वळतात.

ज्यांना जिना उतरवत नाही, त्यांचं काय? कट्टा त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे खरं. आजोबा घरी पडून होते तेव्हा मंडळींनी पाळी लावली: रोज सकाळी एकाचा फोन, संध्याकाळी दोघांची चक्कर. खर्च शून्य.

आता आपण काय करायचं? जवळचा संघ शोधा, आणि पहिले दोन-तीन दिवस सोबत जा. अनोळखी घोळक्यात एकट्याने शिरायला आपल्यालाही जड जातंच ना! शनिवारी तासभर तिथल्या लोकांना यूपीआय शिकवा, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही हे समजवा. आणि १४५६७ सेव्ह करा. ही केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, एल्डर लाइन.

आजोबा आता वॉकर घेऊन कट्ट्यावर जातात. मी रोज फोन करतो, पण पाच ते सात सोडून. त्या वेळेत ते उचलतच नाहीत.

चला, एपिसोड संपला. आता ॲप बंद करा आणि एक फोन लावा.