जुना टॅब बदलावा का? आणि बदलला तर काय पाहावे?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरोघरी एक विषय हमखास निघतो. पोरगं म्हणतं, "अण्णा, टॅब हँग होतोय, नवा घ्या." अण्णा म्हणतात, "चालतोय तोवर चालू दे." २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा मुलांच्या अभ्यासासाठी पुष्कळ घरांत टॅब आले. ते आता जुने झाले. दहा-बारा हजार रुपये म्हणजे काही टन उसाचे पैसे. ते खर्चण्यापूर्वी मशीन आतून कसे चालते हे आपल्याला ठाऊक असावे, म्हणून हा लेखप्रपंच.

टॅबचे काम आपल्या कारखान्यासारखेच असते. प्रोसेसर म्हणजे मिल. रॅम म्हणजे गव्हाण, चालू गाळपाचा ऊस जिच्यावर पडतो ती. आणि स्टोरेज म्हणजे साखरेचे गोदाम. मिल कितीही चांगली असो, गव्हाण अरुंद असेल तर गाड्या यार्डात खोळंबतात. जुन्या टॅबचे दुखणे बहुतेक वेळा इथेच असते. मशीन तेच राहते, पण अॅप वर्षागणिक जड होत जातात.

सॅमसंगच्या दोन स्वस्त टॅबचे उदाहरण घेऊ. २०१९ च्या गॅलॅक्सी टॅब ए ८.० मध्ये रॅम २ जीबी आणि स्टोरेज ३२ जीबी होते. २०२३ मध्ये आलेल्या गॅलॅक्सी टॅब ए९ मध्ये किमान ४ जीबी आणि ६४ जीबी आहे. म्हणजे गव्हाण दुप्पट, गोदाम दुप्पट. मिलही चार कोअरची जाऊन आठ कोअरची आली. चार्जिंगची पिन जुन्या मायक्रो यूएसबीऐवजी टाइप-सी झाली. ती उलटसुलट कशीही बसते आणि घरातल्या नव्या फोनच्या चार्जरवर भागते.

आता दुसरी बाजूही पाहा. बॅटरी दोन्हींत ५१०० एमएएचच. पडदा ८ इंचाचा ८.७ इंच झाला, पण चित्राचे ठिपके जवळपास तेवढेच, १२८० बाय ८०० चे १३४० बाय ८००. तेव्हा नव्या टॅबवर चित्र फार सुबक दिसेल अशी आशा धरू नये. स्वस्तातला नवा टॅब घेतल्याने खोळंबा कमी होतो, थाटमाट वाढत नाही. हे समजून घेतले तर मागाहून पस्तावा होत नाही.

पुष्कळजण जुन्या टॅबमध्ये मोठे मेमरी कार्ड घालतात आणि तो पळेल म्हणून वाट पाहतात. कार्ड म्हणजे जादा गोदाम. त्याने गव्हाण रुंद होत नाही. फोटो-व्हिडिओ ठेवायला ते उपयोगी, वेगाला नाही.

मग बदलावा केव्हा? आधी फुकटचे उपाय करा. नको ती अॅप काढा, जुने व्हिडिओ पुसा, टॅब बंद करून पुन्हा चालू करा. एवढ्याने काम भागले तर पैसे वाचले. नुसते व्हिडिओ पाहायला आणि पीडीएफ वाचायला जुना टॅब अजून पुरतो.

मात्र सेटिंगमध्ये जाऊन अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा अपडेटची तारीख जरूर पाहा. ऑगस्ट २०२५ पासून क्रोमच्या नव्या आवृत्तीला किमान अँड्रॉइड १० लागते. सुरक्षा अपडेट दोन-तीन वर्षांत आलेला नसेल, तर त्या टॅबवर बँकेचा व्यवहार करू नये. कुंपण मोडलेल्या शेतात उभे पीक ठेवण्यासारखे ते आहे. आणि बॅटरी फुगून पडदा वर उचलला असेल तर टॅब चार्जिंगला लावूच नका, तो वापरणे तिथेच थांबवा.

नवा घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. रॅम किती? ४ जीबीच्या खाली घेऊ नये. अपडेट अजून किती वर्षे मिळणार? जुन्या मॉडेलवर सूट मोठी असते, पण त्याची वर्षे आधीच सरलेली असतात. आणि सिम बसते की नुसते वायफाय? वस्तीवर वायफाय नसेल तर फोनचे हॉटस्पॉट चालते. सिमसाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी याचा विचार करावा.

नवा आला की जुना लगेच कोणाला देऊ नका. आधी फोटो आणि मुलांच्या वह्यांच्या पीडीएफ नव्यात घ्या, त्या उघडतात का ते पाहा. मग जुन्यातून गुगल खाते काढा आणि शेवटी सेटिंगमधूनच फॅक्टरी रीसेट करा. खाते न काढता बटणे दाबून रीसेट केला तर टॅब पुन्हा तेच खाते आणि पासवर्ड मागतो. पासवर्ड विसरला असेल तर चांगला टॅब कुलूपबंद होऊन बसतो. व्हॉट्सअॅप नव्या टॅबवर फोनला जोडून चालते, पण फोन १४ दिवसांहून अधिक काळ बंद राहिला तर ती जोडणी तुटते.

टॅब अगदीच निकामी झाला तर उकिरड्यावर टाकू नका, जाळू तर मुळीच नका. त्याची बॅटरी पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच तो द्यावा.

बैल म्हातारा झाला म्हणून आपण त्याला लगेच दावणीवरून सोडत नाही, आणि झेपत नसताना गाडीलाही जुंपत नाही. टॅबचेही तसेच समजावे. शेजाऱ्याने घेतला म्हणून नव्हे, आपले काम अडले म्हणून घ्यावा. मग ते पैसे सत्कारणी लागतील.