आरोपीचा वकील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फौजदारी न्यायाचा बहुतेक भार घटक संस्थानांवरच असतो. पन्नास संस्थानें, तितकेच दंडविधान. कोणत्या गुन्ह्यास कोणती शिक्षा, हें प्रत्येक संस्थान आपलें आपण ठरवितें. मग संस्थानाच्या कोर्टांत उभ्या राहिलेल्या निर्धन आरोपीस आधार कोणाचा?

१७९१ सालीं राज्यघटनेस जोडलेल्या सहाव्या दुरुस्तीनें आरोपीस त्वरित व उघड चौकशी, ज्यूरी, विरुद्ध साक्षीदारांस समोरासमोर प्रश्न विचारण्याची मुभा आणि वकिलाचें साहाय्य, हे हक्क दिले. परंतु हें बंधन प्रथम मध्यवर्ती सरकारापुरतेंच होतें. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारें तें संस्थानांस हळूहळू लागू झालें. १९४२ पर्यंतही देहदंडावांचूनच्या खटल्यांत गरिबास सरसकट वकील देण्याची सक्ती संस्थानांवर करण्यास सर्वोच्च न्यायालय तयार नव्हतें.

१९६१ सालीं फ्लॉरिडांतील पनामा सिटी येथें क्लॅरेन्स गिडियन या इसमावर बिलियर्डचा अड्डा फोडल्याचा आरोप आला. त्यानें वकील मागितला. संस्थानाच्या कायद्याप्रमाणें सरकारी वकील केवळ देहदंडाच्या खटल्यांतच मिळतो, असें सांगून न्यायाधीशांनीं तो नाकारला. गिडियननें स्वतःच उलटतपासणी केली, ज्यूरीपुढें बाजू मांडली, आणि पांच वर्षांची शिक्षा त्याच्या वांट्यास आली. तुरुंगांतून त्यानें शिसपेन्सिलीनें सर्वोच्च न्यायालयास अर्ज लिहिला.

१८ मार्च १९६३ रोजीं न्यायालयानें एकमतानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. न्यायमूर्ति ह्यूगो ब्लॅक यांच्या निकालपत्राचा आशय असा कीं, आरोप शाबीत करण्यासाठीं सरकार वकिलावर पैसा खर्च करतें, ऐपतदार आरोपीही वकील देतो. यावरूनच वकील ही चैन नसून गरज आहे हें उघड होतें. त्याच वर्षीं ऑगस्टांत फेरचौकशी झाली. आरोप तोच, न्यायाधीश तेच. पण आतां आरोपीच्या बाजूस वकील होता. ज्यूरीनें सुमारें तासाभरांत गिडियनला निर्दोष ठरविलें.

१९७२ सालीं हा नियम, ज्यांत प्रत्यक्ष कैदेची शिक्षा होते अशा लहान गुन्ह्यांसही लागू झाला. संस्थानानें आरोपीस यापेक्षां अधिक हक्क द्यावे, कमी देतां येत नाहींत. तथापि पैशाची तरतूद संस्थानें व जिल्हे यांनींच करावयाची असते. अनेक ठिकाणीं एकेका सरकारी बचाव-वकिलाकडे इतके खटले असतात कीं, अशिलाशीं बोलण्यास त्याला पुरेसा वेळही मिळत नाहीं. हक्क मान्य झाला. त्याची किंमत मोजण्याचा प्रश्न मात्र अद्याप उभा आहे.