आधी नमुना, मग यंत्र

करोनाच्या साथीत काटेरी चेंडूसारखे विषाणूचे चित्र आपण सर्वांनीच पाहिले. भारतातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात आढळला. त्या रुग्णाच्या घशातील स्रावातून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने या विषाणूचा फोटो मिळवला. त्यातला एक कण होता ७५ नॅनोमीटरचा. असे १३ हजारांहून अधिक कण एका मिलिमीटरच्या रांगेत बसतील!

एवढे बारीक पाहण्याचे यंत्र म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. जर्मनीत १९३१ साली रुस्का आणि नोल यांनी त्याचा पाया घातला. १९८६ साली रुस्का यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु यंत्र कितीही मोठे असो, त्याच्यापुढे नमुना कसा ठेवला यावर सारे अवलंबून असते.

या यंत्राच्या नळीत हवा नसते. ओला थेंब तसाच आत ठेवला तर पाणी उडून जाईल आणि पेशी चुरगळतील. शिवाय जाड वस्तूतून इलेक्ट्रॉन पार होत नाहीत. म्हणून नमुना कोरडा, पक्का आणि अतिशय पातळ हवा.

विषाणूचे काम त्या मानाने लवकर होते. ग्लुटारअल्डिहाइडने पक्का केलेला द्रव तांब्याच्या तीन मिलिमीटरच्या जाळीवर ठेवतात. त्यावर टंगस्टनयुक्त रसायन घालून जादा द्रव टिपकागदाने टिपतात. कागदावर हात ठेवून भोवती शाई शिंपडली, तर हाताचा आकार पांढरा उरतो. तसाच काळ्या रंगात विषाणू फिकट उठून दिसतो.

मूत्रपिंडाचा तुकडा तपासायचा असेल तर मात्र काही दिवस लागतात. जेमतेम मिलिमीटरभर तुकडा शरीराबाहेर येताच रसायनात बुडवावा लागतो. मग ऑस्मियमची प्रक्रिया करतात. त्याची वाफ डोळ्यांना घातक असते, म्हणून हे काम बंदिस्त कपाटात चालते. पुढे वाढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने पाणी काढतात, तुकड्यात राळ मुरवतात आणि ती भट्टीत कडक करतात. शेवटी हिऱ्याच्या पात्याने काप काढतात. ते पाण्यावर तरंगतात. काप चंदेरी वा सोनेरी चमकला की जाडी बरोबर आली असे कसबी तंत्रज्ञ ओळखतो.

एवढी यातायात कशासाठी? काही लहान मुलांच्या अंगावर सूज येते, लघवीतून प्रथिने जातात, पण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंड जवळपास निरोगी दिसते. गाळणीच्या पेशींची बिघडलेली ‘पावले’ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच दिसतात. तुकडा वाळू दिला, तर हा पुरावाच नाहीसा होतो.

तयारीतला दोष नसलेले दृश्यही उभे करतो. गेल्या शतकात जीवाणूंच्या फोटोंत पिशवीसारख्या घड्या दिसत. त्यांना ‘मेसोसोम’ असे नाव मिळाले आणि पाठ्यपुस्तकांतही जागा मिळाली. पुढे जीवाणू झटकन गोठवून पाहिले, तेव्हा त्या घड्या दिसेनात. त्या रसायनांनीच घडवल्या होत्या!

म्हणून वाचकहो, आपल्या मुलामुलींना शोध लावणाऱ्यांची नावे सांगताना नमुना बनवणाऱ्यांचे कामही सांगा. बाटलीवर योग्य क्रमांक घालणारा, रसायनाची वेळ पाळणारा आणि काप न फाडता उचलणारा तंत्रज्ञ चुकला, तर यंत्र ती चूक दुरुस्त करीत नाही. ते तीच चूक मोठी करून दाखवते.