चिलीम, भांग आणि सवय

गांजा व भांग एकाच झाडाची. परंतु सेवनाची रीत बदलली की अंमलाची गती बदलते. चिलमीचा धूर फुफ्फुसांवाटे रक्तात जाऊन काही मिनिटांतच मेंदू गाठतो. घोटलेल्या भांगेला अर्धा ते दोन तास लागतात. सवय दोहोंचीही जडते. पण झुरका व नशा यांतील अंतर जितके कमी, तितकी ती लवकर जडते. चिलमीत तंबाखू असली तर निकोटिनचीही गुलामी येते.

रोज ओढणाऱ्याने एकाएकी सोडल्यास चिडचिड, निद्रानाश, अन्नावरची वासना जाणे हा त्रास पहिल्या आठवड्यात वाढतो व बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. नेमक्या याच दिवसांत माणूस पुन्हा चिलमीकडे वळतो. म्हणून मित्र चिडला तरी त्याला एकटे सोडू नये. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून अशांनाच आधार देत आले आहे.