बुलेटवाल्याची उघडी गाडी

मोटरसायकल सोडून माणूस चारचाकी का घेतो, हे आमच्या उद्यमनगरात कुणालाही विचारा. पोरं शाळेत जायला लागली, आईवडील थकले, पाठीचा मणका बोलायला लागला. मग पाच माणसं बसतील आणि गॅसचं सिलिंडर डिकीत मावेल अशी गाडी दारात येते आणि बुलेट जिन्याखाली जाते. आमच्या घरात कारण झालं गुडघ्याचं, आणि गुडघा माझा नव्हता, हिचा होता. लग्न झाल्यापासून पन्हाळा, दाजीपूर, गगनबावडा, आंबा सगळं आम्ही बुलेटवर केलेलं. डॉक्टरांनी तिला मोटरसायकलवर मागं बसायला मनाई केली, तेव्हा मी बंद गाड्या बघायला सुरुवात केली. एक-दोन चालवूनही पाहिल्या. ही म्हणाली, "अहो, काचेच्या आत बसून गगनबावड्याला कशाला जायचं? वारं लागत नसंल तर मी घरीच बसतो की." कोल्हापूरच्या बाईनं एकदा असं म्हटलं की पुढं चर्चा नसते.

म्हणून मी सॅन स्टॉर्म घेतली. बऱ्याच वाचकांनी हे नाव ऐकलेलं नसेल. बंगळूरच्या सॅन मोटर्स कंपनीनं १९९८ साली ही गाडी बाजारात आणली, आणि ती बनायची गोव्यात. दोन माणसांची जागा, फायबरची बॉडी, वर कापडी टप आणि पुढं फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचं १,१४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. ताकद साठेक अश्वशक्ती. मारुती ८०० आणि अ‍ॅम्बॅसेडरच्या काळात आपल्या शेजारच्या राज्यात कुणीतरी उघडी स्पोर्ट्स कार बनवायची हिंमत केली, याचं मला आजही कौतुक वाटतं. फार खपली नाही. चार माणसांचं कुटुंब असलेल्या देशात दोन सीटांची गाडी खपणं अवघडच होतं. त्यामुळं आज ती जुन्या बाजारात शोधावी लागते, आणि शोधणारे बहुतेक माझ्यासारखे मोटरसायकलवालेच असतात.

हा योगायोग नाही. लहान उघडी गाडी आणि मोटरसायकल यांचं नातं रक्ताचं आहे. इंग्लंडात एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९०९ साली पहिली तीनचाकी बनवली, ती मोटरसायकलच्या दोन सिलिंडरच्या इंजिनावर. जॅग्वार कंपनीची सुरुवात १९२२ साली ब्लॅकपूल गावात झाली, तेव्हा विल्यम लायन्स आणि त्यांचे भागीदार मोटरसायकलचे साइडकार बनवत होते. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण होंडाचं आहे. मोटरसायकलींवर मोठी झालेली ही कंपनी १९६३ साली मोटारीच्या धंद्यात उतरली, तेव्हा तिची पहिली प्रवासी कार चार दारांची नव्हती. ती होती एस ५००, दोन माणसांची उघडी गाडी. इंजिन फक्त ५३१ सीसीचं, चार कार्ब्युरेटर, ८,००० फेऱ्यांवर ४४ अश्वशक्ती. मागच्या चाकांना ताकद पोचवायला त्यांनी प्रत्येक चाकाला एकेक चेन बसवली होती. चेन! लेथवर आयुष्य घालवलेल्या माणसाला या गाडीचं चित्र बघून गहिवरून येतं.

आता दोन चाकांवरून चारवर येताना शरीरात काय बदलतं ते सांगतो. कुणी मला हे आधी उलगडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मोटरसायकल वळणावर झुकते. उजवीकडं वळायचं तर वेगात असताना आपण उजवा हँडल किंचित पुढं ढकलतो, त्यानं गाडी उजवीकडं कलते आणि मग वळते. बहुतेकांना आपण हे करतो याचा पत्ताही नसतो, हात आपोआप करतात. गाडी कललेली असल्यामुळं वळणाचा सगळा जोर आपल्याला सरळ सीटमध्ये दाबतो. म्हणून बुलेटवर मागं बसलेला माणूस वळणात बाजूला फेकला जात नाही. कारमध्ये याच्या उलट होतं. कार झुकते ती बाहेरच्या बाजूला आणि आपलं अंग दाराकडं जातं. घाटातल्या पहिल्याच वळणावर मोटरसायकलवाल्याचं शरीर सवयीनं आत कलतं, आणि कारला त्याचा काही उपयोग नसतो. इथं काम डोळ्यांचं आणि पायाचं असतं. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर येतं, त्यांची पकड वाढते आणि स्टीअरिंग धारदार होतं. अ‍ॅक्सिलरेटर दिला की वजन मागं सरकतं. वळणाआधी ब्रेक संपवायचा, वळणात पाय हलका ठेवायचा आणि रस्ता सरळ दिसायला लागला की दाबायचं. हे गणित मोटरसायकलवरही असतं, पण तिथं चुकलं की माणूस पडतो. हलक्या कारमध्ये तेच गणित बेतात राहून शिकता येतं, कारण तिथं गाडी आधी सांगते आणि मग सरकते.

जुन्या बुलेटवाल्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. कारमध्ये डावा पाय क्लचवर असतो. म्हणजे घाबरल्या क्षणी डावा पाय जोरात खाली गेला, तर गाडी थांबत नाही, उलट इंजिनाचा अटकावही सुटतो आणि ती मोकळी धावते. ज्याची अर्धी हयात त्या बुलेटवर गेली, त्यानं रस्त्यावर येण्याआधी मोकळ्या माळावर अचानक थांबण्याचा सराव करावा, पुन्हा पुन्हा करावा. गिअरचंही तसंच. मोटरसायकलचे गिअर एकामागून एक पडतात, कारमध्ये चौथ्यातून सरळ दुसऱ्यात जाता येतं. कागदाचीही बाब आहे: मोटरसायकलचं लायसन्स कारला चालत नाही, हलक्या वाहनाचा वर्ग वेगळा काढावा लागतो.

सगळ्यात मोठा फरक रुंदीचा. मोटरसायकलची रेघ एक असते. खड्डा डावीकडं असला तर उजवीकडून, वाळू दिसली तर कडेनं. कारला दोन रेघा ओढाव्या लागतात आणि आपल्या रस्त्यांवर दोन्ही चांगल्या मिळत नाहीत. ऊस सुरू झाला की गगनबावड्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या चालतात, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. बुलेटवर उभं राहून, मान काढून पुढचं बघता यायचं. स्टॉर्ममध्ये माझी नजर ट्रॉलीच्या चाकाच्या पातळीला असते. पुढचं दिसत नाही तोवर ओव्हरटेक करायचं नाही, मग बालिंग्यापासून कळ्यापर्यंत मागं राहावं लागलं तरी चालेल. गतिरोधकावर गाडी तिरकी घ्यावी लागते, एकेक चाक करून, नाहीतर पोट घासतं. याउलट आंबा घाटातल्या वळणावर बारीक खडी पसरलेली असली किंवा कुणाच्या टाकीतलं डिझेल सांडलेलं असलं, तर बुलेटवर माझ्या छातीत व्हायचं ते आता होत नाही. चार चाकांपैकी एक सरकलं तर तिघं धरून ठेवतात.

वाऱ्याबद्दल लोकांची समजूत उलटी असते. उघड्या गाडीत वारं समोरून तोंडावर येत नाही. समोरची काच त्याला डोक्यावरून उडवते, काचेमागं दाब कमी होतो आणि ते वारं वळून पाठीमागून मानेवर येतं. म्हणून महागड्या गाड्यांत सीटमागं जाळी असते. आम्ही मानेला मफलर गुंडाळतो, भागतं. वेग असला तर हलकी सरही डोक्यावरून निघून जाते. पण हे माहितीपुरतं. गगनबावड्याला जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस पडतो, तिथं जुलैत टप उघडायचं नाव काढू नये. एप्रिलच्या दुपारीही टप लावलेलाच बरा. आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. पहाटे निघायचं, शिवाजी पूल ओलांडायचा. नदीवरचा गारवा गुडघ्यापासून वर चढतो. केर्लीच्या पुढं कुठं गुऱ्हाळ चालू असलं तर काहिलीचा वास आधी येतो आणि धूर नंतर दिसतो. बंद गाडीत यातलं काही आत येत नाही.

आणि बोलणं. बुलेटवर ही मागून काहीतरी सांगायची आणि मी "काय?" म्हणायचो. थांबल्यावर ती म्हणायची, "गेलं ते आता." इतक्या वर्षांत तिनं मागं बसून किती काय बघितलं आणि मला सांगता आलं नाही, हे ती शेजारी बसल्यावर मला समजलं. तिला पक्षी ओळखता येतात. दाजीपूरच्या रस्त्यावर ती धनेश दाखवते, मी गाडी कडेला घेतो, आम्ही मान वर करून बघतो. टप नसल्यामुळं झाडाचा शेंडाही दिसतो. मला या गाडीनं दिलेलं सगळ्यात मोठं सुख हे आहे, इंजिनाचं दुसरं.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट लिहायला हवं. कारचं छप्पर ऊन-पावसापुरतं नसतं, ते गाडीला घट्टपणा देतं. झाकण लावलेला पत्र्याचा डबा पिळून बघा आणि झाकण काढून पिळून बघा, तसंच हे. छप्पर काढलं की खालचा सांगाडा जाड करावा लागतो, तो नीट केलेला नसला तर खड्ड्यात डॅशबोर्ड आणि काच वेगवेगळी थरथरतात. जीपचा टप काढला किंवा एखाद्या हॅचबॅकचं छप्पर कापलं म्हणजे स्पोर्ट्स कार झाली असं काही तरुण मानतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. कापलेली गाडी उलटली तर आतल्या माणसाला आधार उरत नाही. सीटबेल्ट लावल्याशिवाय चावी फिरवू नये. उघडी गाडी मोटरसायकलपेक्षा सुरक्षित आहे, बंद गाडीइतकी नाही.

कोल्हापूरला उघडी मोटार नवी नाही. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा सगळं शहर ती बघायला उभं असतं. त्यामुळं आमची गाडी सिग्नलला थांबली की लोक आपुलकीनं बोलतात. पोरं विचारतात, "कुठल्या पिक्चरचं शूटिंग हाय वो?" म्हातारे इंजिन विचारतात. आणि या शहराला वेगाचंही वेड आहे. इथल्या मोहित्यांच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. मोटरसायकलवाल्याला चार चाकांची गोडी लागते का, हे गाडी घेण्याआधी कार्ट चालवून बघावं असं मी सुचवेन. जमिनीला लागून बसणं, वजन कुठं जातं ते बुडाखाली कळणं, सगळं तिथं समजतं. दोन्हीत तरबेज होता येतं याचा पुरावा म्हणजे इंग्लंडचे जॉन सर्टीस. मोटरसायकल शर्यतीतली सात जगज्जेतेपदं मिळवून ते मोटारींकडं वळले आणि १९६४ साली फेरारीतून फॉर्म्युला वनचे विजेते झाले. दोन आणि चार चाकांवर असा मान मिळवणारा दुसरा माणूस अजून झालेला नाही.

माझं म्हणणं एकच आहे: मोटरसायकलवाल्यानं अश्वशक्ती बघू नये, वजन बघावं. आरएक्स १०० आपल्याला वेड का लावायची? ताकद ११ अश्वशक्ती, पण वजन १०३ किलो. कारला हाच नियम लागतो. मझदानं १९८९ साली एमएक्स-५ आणली, ती साडेनऊशे किलोच्या आसपास होती, इंजिन १.६ लिटरचं. ती दहा लाखांवर खपली आणि जगात सर्वाधिक खपलेली दोनसीटी उघडी स्पोर्ट्स कार ठरली. आपल्याला मोटरसायकली आणि स्कूटर विकणाऱ्या होंडा आणि सुझुकीनं १९९१ साली त्यांच्या जपानात बीट आणि कॅपुचिनो या इवल्याशा उघड्या गाड्या विकल्या, दोन्हींची इंजिनं ६६० सीसीच्या आतली. त्यांतली एकही गाडी त्यांनी इथं आणली नाही. २०२५ मध्ये एमजीची सायबरस्टर इथं आली, विजेवरची. गाडी देखणी आहे, पण वजन दोन टनांच्या घरात आणि किंमत पाऊण कोटीच्या. उद्यमनगरातल्या टर्नर-फिटरनं, शाळामास्तरनं घ्यावी अशी हलकी उघडी गाडी या देशात कुणी बनवत नाही, आणि बनवायला हवी. जिथं साध्या गॅरेजात इंजिनं उघडून पुन्हा उभी राहतात, तिथं ती सांभाळायला माणसं मिळतील.

तोवर जुनी स्टॉर्म आहे. घ्यायची झाली तर फायबर दिवसाउजेडी बघा. दाराच्या बिजागरीपाशी आणि बंपरच्या कडेला केसासारख्या चिरा असतात. मॅट आणि रेझिननं त्या भरता येतात, पण आतला सांगाडा गंजलेला असेल तर सोडून द्या. टप काढून, पुन्हा लावून बघा आणि वरून पाण्याची बादली ओता. रेनॉच्या इंजिनाचे काही भाग परदेशातून मागवावे लागतात, बुश आणि शाफ्टसारखं काम आपल्याकडं लेथवर होतं. गाडी पंधरा वर्षांवरची असणार, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण झालेलं आहे का, पर्यावरण कर भरलाय का, इंजिन आणि चॅसीचा नंबर आरसीशी जुळतो का, हे पैसे देण्याआधी तपासा. आणि मालकाला सांगून एकदा घरच्या माणसाला शेजारच्या सीटवर बसवून आणा. गुडघा पुढं सरळ होतो का, तेवढं बघायला विसरू नका.