चार इंचांचं गणित

अमेरिकेत नवा पिकअप ट्रक घेतला की अनेकजण त्याला लिफ्ट किट बसवून चार-सहा इंच उंच करतात. गाडी रुबाबदार दिसते, पण तिचं स्थैर्य घटतं. दोन चाकांमधल्या रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. येणारा आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटण्याची शक्यता जास्त. समजा, रुंदी ६८ इंच आणि गुरुत्वमध्य २८ इंचांवर आहे. उत्तर १.२१. गुरुत्वमध्य चार इंच वर गेला की तेच १.०६.

मला खरी काळजी वाटते ती समोरच्या छोट्या कारमधल्या माणसांची. अमेरिकेत कारचे बंपर जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात धक्का झेलतात. जुन्या पिकअपचा पोलादी सांगाडा या पट्ट्याच्या वरून जाई आणि कारचा चेपण्यासाठीच बनवलेला भाग निकामी ठरे. म्हणून २००३ साली कंपन्यांनी आपणहून करार केला: पिकअपची धक्का शोषणारी रचना कारच्या पातळीवर आणायची, नाहीतर खाली आणखी एक आडवा अडसर द्यायचा. मुदत होती सप्टेंबर २००९. लिफ्ट किट ही सगळी मेहनत एका दुपारीत पुसून टाकतं. बाजूने धडक बसली, तर उंच ट्रकचं नाक दाराच्या मजबूत उंबऱ्यावरून थेट प्रवाशाच्या छातीपाशी पोचतं.

शिवाय सुरक्षा-चाचणीत दर्जा दाखवणारे तारे मिळतात ते कारखान्यातून निघालेल्या गाडीला. बदललेल्या गाडीची ती परीक्षा झालेलीच नसते. नाक वर आणि मागचा भाग खाली अशा ट्रकना तर नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ मध्ये कायद्यानेच मनाई केली, कारण चालकाला समोरचा रस्ताच नीट दिसत नाही.