काळी जमीन, हलती धरणी आणि शेतकऱ्याचें घर

आपल्या मासिकांत बीबियाणें, खतें, गुरांचे रोग ह्या विषयांवर जाणत्यांचे लेख नेहमीं येतात. प्रस्तुत लेखकाचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला; जमिनीची मोजणी, आकार व हद्दीच्या खुणा ह्यांपलीकडे त्याची फारशी गति नाहीं. तथापि ज्या जमिनीचा सातबारा आपण जपून ठेवतों, तिच्या पोटांत काय चालतें हेंहि शेतकरी बंधूंस ठाऊक असावें, म्हणून वाचून व प्रत्यक्ष पाहून जें समजलें तें येथें मांडीत आहें.

पृथ्वीचें कवच अखंड नाहीं. उन्हाळ्यांत काळें रान भेगाळून त्याचे जसे तुकडे पडतात, तसे ह्या कवचाचे प्रचंड तुकडे असून त्यांस भूपट्ट म्हणतात. त्यांच्या खालचा तप्त थर अतिशय सावकाश वाहत असल्यामुळें हे पट्टहि सरकत असतात. ज्या पट्टावर आपला देश आहे तो वर्षास सुमारें ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. शेताचा बांध ह्या चालीनें सरकता तर वीस वर्षांत एक मीटर जमीन गेली म्हणून भावाभावांत दावा उभा राहिला असता! आपला पट्ट सुमारें ५ कोटी वर्षांपूर्वीं आशियाच्या पट्टास भिडला व त्या रेट्यानें हिमालय वर उचलला गेला. तो रेटा अजून थांबलेला नाहीं. त्यामुळें खडकांत ताण सांचत जातो आणि तो सोसेनासा झाला म्हणजे एखाद्या जुन्या भेगेवर खडक एकदम सरकतो. हाच भूकंप. जेथें एक पट्ट दुसऱ्याच्या खालीं शिरतो, तेथें खोलवर खडक वितळून वर येतो व ज्वालामुखी होतात. जावा, फिलिपाईन्स, जपान व दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा हे असे प्रदेश होत.

मग अशा जागीं माणसें राहतात तरी कां? ह्याचें उत्तर शेतकऱ्यास सांगावयास नको. ज्वालामुखीच्या राखेची व लाव्ह्याची माती झाली म्हणजे ती फार सकस होते. आपली काळी जमीन तरी कोठून आली? सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्याचाच काळा पत्थर झिजून आपली कापसाची व ज्वारीची रानें झालीं. तो अग्नि केव्हांच विझला. आज भारतांत जागृत ज्वालामुखी म्हणजे अंदमानाच्या समुद्रांतील बॅरन बेट तेवढा.

ज्वालामुखी पुष्कळदां आधीं सूचना देतो; ती ऐकणें न ऐकणें माणसाच्या हातीं असतें. कोलंबिया देशांत आर्मेरो नांवाचें कापूस व भात पिकविणाऱ्या मुलखांतील गांव होतें. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्रीं नेवादो देल रुईझ ह्या ज्वालामुखीचा उद्रेक होऊन शिखरावरील बर्फ वितळलें आणि राखचिखलाचा लोंढा नदीच्या पात्रांतून निघाला. तो गांवापर्यंत पोहोंचण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. परंतु गांव वेळेवर हललें नाहीं व २०,००० हून अधिक माणसें गाडलीं गेलीं. त्याच जागेवर १५९५ व १८४५ सालींहि असाच चिखल आला होता, आणि धोक्याचा नकाशा महिनाभर आधीं तयार होता. दप्तरांत नोंद असून ती कोणीं वाचूं नये, ह्याचें दुःख कारकुनाइतकें कोणास कळणार? उलट फिलिपाईन्समधील पिनातुबो जून १९९१ मध्यें भडकला, तेव्हां शास्त्रज्ञांच्या इशाऱ्यावरून हजारों कुटुंबें आधींच हलविलीं गेल्यामुळें असंख्य जीव वांचले. जे दगावले त्यांतील पुष्कळ जण पावसानें भिजलेल्या राखेच्या ओझ्याखालीं छपरें कोसळून गेले. छपराच्या ओझ्याची ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

भूकंपाचा मात्र दिवस व घटका आधीं सांगतां येत नाहीं. आपण पट्टाच्या कडेपासून दूर, म्हणून निर्भय, असें मानणेंहि चुकीचें आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेनें व ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीनें तें दाखवून दिलें. किल्लारीस पहांटे चार वाजण्याच्या सुमारास ६.२ प्रतीचा धक्का बसला. गणपतीचें विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसें गेलीं. पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं.

त्या वेळीं मी नुकताच नोकरीस लागलों होतों. पंचनाम्याच्या कामीं मला तिकडे धाडण्यांत आलें. एका बागाईतदाराच्या घराची नोंद मला आजतागायत विसरतां आलेली नाहीं. सुगी चांगली झाली त्या वर्षीं त्यानें चोरांच्या भयानें भिंत आणखी जाड करून घेतली होती, आणि दर पावसाळ्याआधीं माळवदावर नवी माती चढत होती. त्याच भिंतीनें व त्याच मातीनें घरांतील पांच माणसें घेतलीं. अंगणांत बांधलेले बैल जिवंत होते. मीं रकान्यांत घराची किंमत लिहिली, तेव्हां हात थरथरत होता. शेजारच्या एका घराच्या भिंती ढासळल्या होत्या, पण लांकडी खांब व तुळया उभ्या राहिल्यामुळें आंतील माणसें बचावलीं. भूकंप मारीत नाहीं, घर मारतें, हें मीं त्या दिवशीं डोळ्यांनीं पाहिलें.

आणि तरीहि लाज वाटते ती ही, कीं माझ्या स्वतःच्या गांवच्या घराचें माळवद मीं पुढें वीस वर्षें तसेंच ठेविलें. गेल्या कांहीं वर्षांतच तें उतरविलें. दुसऱ्या कोणीं इतका उशीर लावूं नये, म्हणून चार गोष्टी सांगतों :

माळवदावरील मातीचे थर उतरवून छप्पर हलकें करावें. दगडी भिंत दीड फुटांहून जाड बांधूं नये. जाड भिंतीचे आंतले व बाहेरचे दगड एकमेकांस धरीत नाहींत आणि धक्क्यासरशीं भिंत फुगून फुटते. म्हणून भिंतीच्या दोन्ही अंगांस पोहोंचतील असे लांब दगड दर दोन फूट उंचीवर व चार फूट अंतराच्या आंत आडवे घालावे. जोत्यावर, दाराच्या चौकटीवर आणि छपराखालीं लोखंडी सळ्या घातलेला सिमेंट-काँक्रीटचा पट्टा चारी भिंतींवरून अखंड फिरवावा; पेटीस पत्र्याची पट्टी आवळावी तसें घर त्यानें बांधलें जातें. निजण्याची जागा जुन्या दगडी भिंतीच्या बुडाशीं नसावी.

ह्यास होणारा खर्च पुष्कळांस एकदम झेपणार नाहीं, हें मी जाणतों. परंतु छपरावरची माती उतरविण्यास घरचे हात व दोन पाट्या पुरतात. सुगी आटोपली कीं निदान तेवढें काम प्रत्येकानें करावें, इतकीच माझी बंधूंस विनंति आहे.